संध्याकाळपर्यंतची मोची

युरोपात मोची, म्हणजे चिकट तांदळाची मऊ जपानी मिठाई, मिळणं आता अवघड राहिलेलं नाही. जर्मनीतल्या कुठल्याही बऱ्यापैकी सुपरमार्केटात फ्रीझरपाशी उभं राहिलं की आईस्क्रीम भरलेल्या रंगीत मोचींचे डबे दिसतात. एशियन दुकानात गेलं तर तैवानहून आलेल्या खोक्यांची अख्खी फळी असते. आत तीळ, शेंगदाणा, माचा म्हणजे हिरव्या चहाची पूड, तारो असं काय काय भरलेलं, आणि मागे छापलेली तारीख कित्येक महिने पुढची. ऑफिसात कुणाच्या वाढदिवसाला, मुलांच्या पार्टीत, स्टेशनावरच्या सुशीच्या काउंटरवरसुद्धा मोची असते. ज्याला हवी त्याला ती मिळते.

मला मात्र गेली काही वर्षं दुसऱ्याच मोचीचा ध्यास लागला आहे. सकाळी कुणीतरी हाताने केलेली, दुपारी दुकानात मांडलेली आणि संध्याकाळपर्यंत खाऊन संपवायची मोची. ती जहाजातून येऊ शकत नाही, विमानानेही नाही. ती हवी असेल तर करणारा माणूस त्याच शहरात राहत असावा लागतो, आणि त्याच दिवशी ती विकत घेऊन खाणारी पुरेशी माणसंही तिथेच असावी लागतात. मी कोलोनला राहते. माझ्या घरापासून रेल्वेने अर्ध्या तासावर असं एक शहर आहे, ही गोष्ट मला अजूनही भाग्याची वाटते.

ड्युसेलडॉर्फच्या मुख्य स्टेशनातून बाहेर पडलं की समोरूनच इमरमानश्ट्रास हा रस्ता सुरू होतो. रस्त्याच्या पाटीवर जर्मन नावाच्या जोडीने जपानी लिपीतही नाव आहे. रामेनच्या, म्हणजे रश्शातल्या नूडल्सच्या, दुकानांबाहेर रांगा, जपानी किराणा, जपानी पुस्तकं, जपानी बेकरी. शनिवारी दुपारी इथे पाऊल ठेवायला जागा नसते. मी जिथे जाते ते दुकान या गर्दीत नाही, मागच्या एका गल्लीत आहे. खरं तर ते चहाचं दुकान. भिंतीवर चहाचे डबे, दोन छोटी टेबलं आणि काउंटरवर आठवड्याच्या शेवटी एक लाकडी ट्रे. ट्रेमध्ये दाइफुकु, म्हणजे तांदळाच्या पांढऱ्या पातळ आवरणात अझुकी या लाल कडधान्याचं गोड सारण भरलेल्या मोची. शेजारी हाताने लिहिलेली चिठ्ठी: आजच खा, फ्रिजमध्ये ठेवू नका.

पहिल्यांदा मी ती चिठ्ठी वाचून दुकानातच खाल्ली. हातात घेतली तेव्हाच फरक कळला. खोक्यातली मोची रबरासारखी उसळते. ही बोटांच्या दाबाने हळूच बसली आणि तशीच राहिली. दात लावला तर आवरण तुटायच्या आधी थोडं ताणलं गेलं, मग सहज सुटलं. आधी जिभेवर आला तो तांदूळ. नुकत्या वाफवलेल्या तांदळाचा गोडसर, किंचित दुधाळ वास. खोक्यातल्या कुठल्याच मोचीला मला तो कधी आला नव्हता. तांदूळ हा त्या पदार्थाचा मुख्य घटक आहे हेच त्या खाताना जाणवत नाही. मग सारण. भरड ठेवलेलं, साली अधूनमधून दाताखाली येणाऱ्या, गोड बेताचं आणि शेवटी मिठाची अगदी बारीक जाणीव. एक मोची खायला किती वेळ लागावा? मी त्या टेबलाशी बराच वेळ बसले होते.

हा मऊपणा इतका अल्पायुषी का, ते समजून घ्यायला तांदळापर्यंत जावं लागतं. मोचीचा तांदूळ वेगळा. त्याला मोचिगोमे म्हणतात. तांदळातल्या स्टार्चमध्ये दोन प्रकारच्या साखळ्या असतात: सरळ, लांब अमायलोज आणि फांद्याफांद्यांचं अमायलोपेक्टिन. रोजच्या जेवणातल्या जपानी तांदळात साधारण १७ ते २० टक्के अमायलोज असतं. मोचिगोमेमध्ये ते जवळजवळ नसतंच, सगळं अमायलोपेक्टिन. म्हणून वाफवल्यावर त्याचा दाणा सुटा राहत नाही. कुटला की एकजीव, चिवट गोळा होतो. उष्णतेने आणि पाण्याने स्टार्चच्या साखळ्या फुलून मोकळ्या होतात, आणि पदार्थ निवला की त्या पुन्हा एकमेकींजवळ सरकायला लागतात. मधलं पाणी बाहेर ढकललं जातं आणि पदार्थ कडक होतो. ही क्रिया सगळ्यात वेगाने होते ती ० ते ५ अंशांच्या आसपास, म्हणजे नेमकी आपल्या फ्रिजच्या तापमानाला. गोठवलं तर मात्र ती जवळपास थांबते. चिठ्ठीत फ्रिजची मनाई लिहिलेली असते ती एवढ्यासाठी. उरलेली मोची फ्रीझरमध्ये ठेवलेली चालते. फ्रिजमध्ये ठेवली तर दुसऱ्या दिवशी खडू होतो.

कडक होणं लांबवायचे उपाय अर्थातच आहेत आणि जपान्यांनी ते शेकडो वर्षांपासून वापरले आहेत. सगळ्यात जुना उपाय साखर. मोचीच्या पिठात भरपूर साखर घालून ते शिजवत घोटलं की ग्यूही नावाचा प्रकार तयार होतो. साखर पाणी धरून ठेवते, त्यामुळे ग्यूही काही दिवस मऊ राहते. आजच्या कारखान्यांत त्याच्या जोडीला ट्रेहॅलोज, माल्टोजचं सिरप आणि स्टार्च तोडणारी एन्झाइमं असतात. तैवानच्या खोक्यातली मोची महिनोन्‌महिने लुसलुशीत राहते ती त्यांच्या जोरावर. त्यात फसवणूक नाही, घटक खोक्यावर लिहिलेलेच असतात. पण साखर वाढवली की तांदळाचा वास मागे पडतो, आणि सारण त्याहून गोड करावं लागतं, नाहीतर ते फिकं लागतं. एक गोष्ट टिकवायला गेलं की सगळ्याच चवींचा तोल बदलतो. आईस्क्रीमची मोची तर थंडगारच खायची असते, तिथे आवरण थंडीत मऊ राहावं म्हणून सगळी आखणी वेगळीच करावी लागते. ते वेगळे पदार्थ आहेत. त्यांनाही मोची म्हणतात म्हणून ज्यांना ताजी मोची कधी मिळालेलीच नाही, त्यांना आपण काय गमावलं याचा अंदाज येत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

सकाळी करून त्याच दिवशी विकायच्या या प्रकारांना जपानमधल्या मिठाईच्या धंद्यात आसानामा म्हणतात. दाइफुकु, दांगो म्हणजे तांदळाच्या पिठाचे छोटे गोळे, पानात दुमडलेली काशिवामोची हे सगळे त्यात येतात. चहाच्या समारंभात मिळणाऱ्या, फुलापानांच्या आकाराच्या देखण्या नामागाशी वेगळ्या. त्यांचे फोटो जगभर फिरतात. आसानामा हा गल्लीतल्या दुकानातला रोजचा माल. शाळेतून येताना मुलांनी घ्यायचा, आजोबांनी फिरून येताना पिशवीत टाकायचा. दाइफुकु एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, अठराव्या शतकात लोकप्रिय झाली. त्या शतकाच्या अखेरीला हिवाळ्यात फेरीवाले टोपलीत छोटी शेगडी ठेवून त्यावर दाइफुकु भाजत, गरम गरम विकत रस्त्यांनी फिरत. म्हणजे जन्मापासूनच ही रस्त्यावर, हातात घेऊन, लगेच खायची वस्तू.

दुकानातल्या ट्रेमागच्या बाईंशी माझी ओळख हळूहळू झाली. आम्ही दोघी जर्मनमध्येच बोलतो, एकमेकींना अजूनही ‘तुम्ही’च म्हणतो. त्या नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आल्या. कंपनीने त्यांना परत बोलावलं तेव्हा मुलं इथल्या शाळेत रमली होती, म्हणून कुटुंब राहिलं. मिठाई त्या माहेरी शिकल्या. माहेर कानाझावाचं. क्योतो आणि मात्सुए यांच्याबरोबर हे शहर जपानी मिठायांसाठी नावाजलेलं. वडिलांच्या दुकानात लहानपणी बघत बघत जे हातात आलं ते आपलं, बाकी काही शिक्षण नाही, असं त्या सांगतात.

एकदा त्यांनी मला सकाळी बघायला बोलावलं. बाहेर अजून अंधार होता. अझुकी रात्रीच निवडून ठेवलेली होती. ती उकळायला ठेवून पहिलं पाणी त्यांनी ओतून दिलं. त्यात कडवट, तुरट अंश निघून जातो. मग नव्या पाण्यात मंद आचेवर शिजत ठेवली. दाणा बोटांनी सहज चिरडला गेला पाहिजे आणि तरी सालीतून फुटून बाहेर आलेला नसावा, अशा टप्प्यापर्यंत. मग साखर, तीही एकदम नाही, तीन हप्त्यांत. साखर लवकर पडली तर दाणा पुन्हा आवळला जातो आणि मग कितीही शिजवा, मऊ होत नाही. अगदी शेवटी चिमूटभर मीठ. पातेल्यात उलथनं फिरवल्यावर तळ क्षणभर दिसला आणि सारण सावकाश परत मिळून आलं की त्यांनी गॅस बंद केला. गरम असताना ते सैल वाटतं, निवल्यावर आळतं. नेमकं किती आळेल याचा हिशेब हातालाच माहीत असावा लागतो.

पाण्याची गोष्ट त्यांनी सांगितली नसती तर मला सुचली नसती. ऱ्हाईनकाठचं नळाचं पाणी जड आहे, चुन्याने भरलेलं. जपानमधलं पाणी बहुतेक ठिकाणी हलकं. जड पाण्यातलं कॅल्शियम दाण्यातल्या पेक्टिनला धरून बसतं, त्यामुळे अझुकी शिजायला वेळ लागतो आणि साल चिवट राहते. इथे आल्यावर पहिली काही वर्षं सारण मनासारखं होईना आणि त्यांना वाटायचं की दाणेच जुने मिळतात. मग कुणीतरी पाण्याचं सांगितलं. आता सारणासाठी आणि पिठासाठी त्या फिल्टरचं पाणी वापरतात. एका शहराची चव दुसऱ्या शहरात न्यायची म्हणजे इतक्या तळापासून सुरुवात करावी लागते.

आवरणासाठी त्या शिरातामाको वापरतात. हे साधं दळलेलं पीठ नसतं. मोचिगोमे भिजवून पाण्यातच जात्यावर वाटतात, त्या दुधाचा साका खाली बसू देतात, पाणी काढून तो दाबतात आणि वाळवतात. पूर्वी हे काम कडाक्याच्या थंडीत करत. हाताला ते बारीक खड्यांसारखं लागतं. त्यात थोडं थोडं पाणी घालत मळायचं, कानाच्या पाळीइतकं मऊ होईपर्यंत. हे माप जपानी घरांत सगळीकडे चालतं आणि बाईंनी मळता मळता खरोखरच पिठाळलेल्या बोटांनी कानाची पाळी चाचपून पाहिली. मग वाफवणं, मग गरम असतानाच ओल्या लाकडी उलथन्याने जोर लावून घोटणं. साखर त्या अगदी थोडी घालतात. “जास्त घातली तर सोमवारपर्यंत टिकेल,” त्या म्हणाल्या, “पण मग शनिवारी तशी लागणार नाही.” चटका बसेल इतक्या गरम पिठाचा तुकडा स्टार्चमध्ये घोळवून हातावर पसरायचा, सारणाचा गोळा ठेवायचा, कडा ओढून मिटवायच्या आणि मिटलेली बाजू खाली करून ठेवायची. त्यांचे हात एवढ्या वेगाने चालत होते की मी कितीही निरखून पाहिलं तरी कडा नेमक्या कुठल्या क्षणी मिटल्या ते मला दिसलं नाही.

आता प्रश्न असा की हे ड्युसेलडॉर्फलाच का मिळावं? कोलोन मोठं शहर आहे, बर्लिन त्याहून कितीतरी मोठं. उत्तर पोलादात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानला देश पुन्हा उभारायला अवजड यंत्रं, पोलाद, रसायनं यांचं तंत्र हवं होतं, आणि ते होतं रूरच्या खोऱ्यात. त्या सगळ्या उद्योगांच्या कचेऱ्या जवळच ड्युसेलडॉर्फमध्ये होत्या. १९५० च्या दशकात जपानी कंपन्यांची पहिली माणसं इथे आली. एकेकटे पुरुष आले, मग बँका आल्या, मग कुटुंबं. १९७१ मध्ये जपानी शाळा सुरू झाली. १९७५ मध्ये इथल्या जपानी समाजाने शहराला नॉर्डपार्कमधली जपानी बाग भेट दिली. १९७८ मध्ये इमरमानश्ट्रासवर जर्मन-जपानी केंद्राची मोठी इमारत उभी राहिली. नदीपलीकडे नीडरकासेलमध्ये बौद्ध मंदिर आहे, बागेसकट, आणि त्याच्या आवारात बालवाडीही. २००२ पासून दरवर्षी जपान दिन होतो, रात्री ऱ्हाईनवर जपानी आतषबाजी होते आणि लाखो लोक काठावर जमतात.

यात माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आहेत शाळा आणि बालवाडी. कंपनीचा माणूस एकटा असेल तर त्याला रामेन पुरतं, बिअर पुरते. घरात मुलं आली की ३ मार्चला मुलींचा सण करावा लागतो, ५ मेला मुलांचा, शरदात चंद्राला दांगो लागतात, दोन्ही विषुवदिनांच्या आठवड्यात पूर्वजांसाठी ओहागी, म्हणजे अझुकीच्या सारणात घोळवलेले भाताचे गोळे, लागतात. मुलाने बालवाडीत ऐकलेलं घरी दिसायला हवं, नाहीतर ते नुसतं गाणं राहतं. आणि यातलं कुठलंच खोक्यातून भागत नाही. बाईंच्या ट्रेची सुरुवात अशीच झाली. बालवाडीतल्या एका आईने मेच्या सणासाठी करून द्याल का म्हणून विचारलं, तिचं बघून इतरांनी, आणि मग चहाच्या दुकानाच्या मालकिणीने काउंटरवर जागा दिली. ज्या मिठाईला फक्त एक दिवसाचं आयुष्य आहे, तिला दर शनिवारी तीस-चाळीस खात्रीची गिऱ्हाइकं लागतात. ती गिऱ्हाइकं हौसेने येणाऱ्या पाहुण्यांची असून भागत नाही. पाऊस असला, सुट्ट्या असल्या, तरी येणारी लागतात. मला एखाद्या शहरात कुठला समाज खरोखर मुरला आहे हे बघायचं असेल तर मी हल्ली उपाहारगृहं मोजत नाही. टिकवता न येणारी एखादी गोष्ट तिथे कुणी करतं का, ते विचारते.

हे मला इतकं जवळचं वाटतं याचं कारण आपल्याकडचा उकडीचा मोदक. तोही तांदळाचाच, आणि तोही त्याच नियमाने बांधलेला. आंबेमोहराची उकड काढून, तेला-पाण्याच्या हाताने मळून, पाकळ्या चिमटून केलेला मोदक पातेल्यातून काढल्या काढल्या तूप सोडून खायचा. आपला तांदूळ साधा असल्यामुळे त्यात अमायलोज भरपूर, म्हणून तो मोचीच्याही आधी कडक होतो. सकाळचा मोदक संध्याकाळी खाणाऱ्याला हे सांगायला नको. आणि सारण डाळीचं असू शकतं हे जर्मन माणसाला समजावून सांगावं लागतं, घेवड्यासारख्या दाण्यांचं गोड कसं लागेल म्हणून तो आधी चमच्याच्या टोकावर घेऊन बघतो. पुरणावर वाढलेल्या जिभेला ते सांगावं लागत नाही. अझुकी मुगाची आणि चवळीची भावकीतलीच. आमच्या भागात मराठी कुटुंबं थोडी होती तेव्हा गणपतीला भारतीय दुकानातले गोठवलेले मोदकच असायचे, आणि आम्ही ते आनंदाने खायचो. आता कुटुंबं वाढली आहेत. चतुर्थीच्या आधी एक काकू व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डरी घेतात, पहाटे चारला उठून करतात आणि आरतीच्या वेळेला गरम मोदकांचा डबा हॉलमध्ये येतो. तो डबा यायला लागला त्या वर्षी मला पहिल्यांदा वाटलं की आपण इथे राहायला आलो आहोत.

बाईंच्या ट्रेवर ऋतूप्रमाणे मोची बदलते, आणि वसंतात येणारी साकुरामोची माझी सगळ्यांत आवडती. गुलाबी मोची, आत सारण, वरून खारवलेलं चेरीचं पान. या पानाची कथा एदोतल्या चोमेइजी देवळापाशी सुरू होते. १७१७ मध्ये देवळाच्या एका द्वारपालाने सुमिदा नदीकाठच्या चेरीच्या झाडांची पानं खारवून त्यात मिठाई गुंडाळून विकायला सुरुवात केली. एदोकडची साकुरामोची पातळ धिरड्यात गुंडाळलेली असते. क्योतो-ओसाकाकडे मोचिगोमे वाफवून, वाळवून, भरड दळून त्याची दाणेदार मोची करतात. बाई दुसऱ्या पद्धतीने करतात. पानं मात्र जपानहूनच येतात, बरणीत खारवलेली, इझू द्वीपकल्पातल्या मात्सुझाकीची. तिथे ओशिमा जातीच्या चेरीची लागवड पानांसाठीच करतात. ताज्या पानाला काहीच वास नसतो. मिठात मुरताना त्यातून कुमारिन नावाचं सुगंधी द्रव्य मोकळं होतं आणि तो मंद, गवताळ, थोडासा बदामी सुगंध तयार होतो.

याच कुमारिनचा सुगंध जर्मन माणूस लहानपणापासून ओळखतो. इथल्या बीचच्या जंगलांत वाल्डमाइस्टर नावाची बारीक पांढऱ्या फुलांची वनस्पती उगवते. मे महिन्यात ती थोडी कोमेजू देऊन वाइनमध्ये बुडवतात आणि मायबोव्ल नावाचं पेय करतात. हिरव्या जेलीला, सरबताला, आईस्क्रीमला इथे वाल्डमाइस्टरचाच स्वाद असतो. एका शनिवारी माझ्यासमोर एका वयस्क जर्मन आजींनी साकुरामोची हातात घेतली, नाकाजवळ नेली आणि एकदम म्हणाल्या, “हे तर वाल्डमाइस्टर!” बाईंनी हसून मान डोलावली. आजींनी पानासकट खाल्ली. पान काढून खावं की पानासकट, यावर जपानमध्ये अजून एकमत नाही. मी पानासकट खाते, खारटपणाशिवाय मला ती अपुरी वाटते.

मेच्या सुरुवातीला काशिवामोची येते. तिचं आवरण मोचिगोमेचं नसतं, साध्या तांदळाच्या पिठाचं, म्हणून जरा घट्ट. ओकच्या जातीच्या काशिवा झाडाच्या पानात ती दुमडलेली असते आणि ते पान खायचं नाही. या झाडाची जुनी पानं नवे अंकुर फुटेपर्यंत गळत नाहीत. वंश चालू राहावा म्हणून मुलांच्या सणाला हे पान. जूनमध्ये इचिगो दाइफुकु, आत अख्खी स्ट्रॉबेरी. जपानमध्ये हा प्रकार १९८० च्या दशकातला, आणि तिथली स्ट्रॉबेरी हिवाळ्यात काचघरात पिकलेली, मोठी, फार गोड. बाई ड्युसेलडॉर्फभोवतालच्या शेतांतली उन्हाळी स्ट्रॉबेरी घालतात. ती लहान आणि आंबट असते. माझं मत विचाराल तर सारणाच्या गोडव्याला हीच जास्त शोभते. फळाचा रस सुटायला लागतो, त्यामुळे ही मोची संध्याकाळपर्यंतसुद्धा थांबत नाही. दुपारच्या आत खावी.

लॉस एंजेलिसच्या लिटल टोकियोत फुगेत्सु-दो नावाचं दुकान १९०३ पासून मोची करतं आहे, आजही त्याच घराण्याच्या हातात. तिथलंच दुसरं दुकान होतं मिकावाया, १९१० चं. ते चालवणाऱ्या फ्रान्सिस हाशिमोतो यांनी १९९० च्या दशकात आईस्क्रीमची मोची अमेरिकेत घरोघर पोहोचवली. त्यांचा जन्म १९४३ चा, अ‍ॅरिझोनातल्या पोस्टनच्या छावणीतला, जिथे युद्धकाळात अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना डांबून ठेवलं होतं. आज माझ्या सुपरमार्केटच्या फ्रीझरमध्ये जे रंगीत डबे आहेत त्यांच्यामागे ही बाई आहे हे कळल्यापासून मी त्या डब्यांकडे वेगळ्या नजरेने बघते. वस्ती उठवली गेली, माणसं परतली, त्यांनी दुकानं पुन्हा उघडली आणि मिठाईने नवं रूप घेऊन जग पालथं घातलं. पॅरिसची गोष्ट वेगळी. तिथे कॉन्कॉर्ड चौकाजवळ तोराया या जपानी सम्राटांच्या घराण्याला शतकानुशतकं मिठाई पुरवणाऱ्या दुकानाने १९८० मध्ये शाखा काढली. तोरायाची ओळख म्हणजे योकान: अझुकी, साखर आणि समुद्री शेवाळाचं कांतेन आटवून केलेली घट्ट वडी. बंद पाकिटात ती वर्षभर राहते. प्रवासाला निघायचं तर असाच पदार्थ हवा. मी तोरायात जाऊन आले आहे, ऋतूची नामागाशी आणि दाट माचा घेतला, सगळं अप्रतिम होतं. तरी मला सतत वाटत राहिलं की इथे मी पाहुणी आहे आणि माझं आदरातिथ्य चाललं आहे. ड्युसेलडॉर्फच्या गल्लीत कुणी माझं आदरातिथ्य करत नाही. पुढचा माणूस जपानीत सहा मागतो, मागची मुलगी जर्मनमध्ये दोन मागते, मध्ये मी.

ती मागची मुलगी हल्ली बाईंच्या हाताखाली काम करते. जर्मन आहे, बेकरीचं प्रशिक्षण घेतलेली. जपानी मालिका बघत बघत भाषा शिकली आणि मग रांगेत उभी राहून राहून एके दिवशी मदत हवी का म्हणून विचारलं. बाईंनी तिला वर्षभर फक्त अझुकी निवडायला आणि शिजवायला दिली. आता ती आवरण मिटवायला लागली आहे. तिच्या मोची थोड्या जाड असतात, बाई त्या ट्रेच्या मागच्या रांगेत ठेवतात. जपानी कुटुंबं चार-पाच वर्षांनी परत जातात, नवी येतात. बाई साठीच्या पुढे आहेत. मला त्या मागच्या रांगेतल्या मोचींची फार काळजी वाटते आणि मी मुद्दाम त्यातलीच एक मागून घेते.

तुम्ही तिकडे गेलात तर शनिवारी अकराच्या आत पोहोचा. दोननंतर ट्रे बहुतेक रिकामा असतो. आदल्या आठवड्यात सांगून ठेवलं तर बाजूला काढून ठेवतात. घरी न्यायच्या असतील तर डब्यात एकमेकींना चिकटणार नाहीत अशा ठेवा, गाडीत हीटरपाशी नको आणि घरी गेल्यावर फ्रिजमध्ये तर अजिबात नको. बरोबर साखर न घातलेला कढत सेन्चा हा जपानी हिरवा चहा घ्या, नाहीतर होजिचा, म्हणजे भाजलेल्या पानांचा चहा. आणि एखादी उरलीच, रात्रीत कडक झालीच, तर टाकू नका: कोरड्या तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी डाग पडेपर्यंत भाजा. वरून खरपूस पापुद्रा येतो, आतली मोची पुन्हा ताणली जाते आणि सारण गरम होतं. एदोचे फेरीवाले अशाच विकायचे.